एकशे एकावा

चाकांच्या खुर्चीची रुंदी पंचवीस इंच. सभागृहाच्या पूर्वेकडच्या दाराची एकोणतीस. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच उरतात, पण कोपरं आत घ्यावी लागतात.

*

"तीन तिघाडा, काम बिघाडा," आमच्या दालनाबाहेरचा शिपाई दुसऱ्या शिपायाला म्हणाला. मग मी ऐकलं हे लक्षात आल्यावर त्याने फुलदाणी पुसायला घेतली. फुलदाणीत फुलं नव्हती.

*

पक्षादेशाच्या मजकुराखाली एक रेघ म्हणजे जमलं तर या. दोन म्हणजे याच. तीन म्हणजे लग्न असलं तरी या, स्वतःचं असलं तरी.

*

दोनशे एकाचे निम्मे शंभर आणि वर अर्धा माणूस.

*

उशांचे नवे अभ्रे, पांढरे, चार. खिडकीकडच्या खोलीतली कॉट भिंतीपासून दोन हात पुढे ओढलेली, म्हणजे दोन्ही बाजूंनी उठवता-बसवता येईल.

*

लहान सिलिंडर दोन तास चालतो.

अठ्ठ्याण्णव अधिक तीन

क्रमाने सांगायचं तर असं.

मी मधल्या विरोधी पक्षाची प्रतोद आहे. प्रतोदाचं काम मोजण्याचं. आपले किती, आलेत किती, कोण बाहेर चहा पितोय आणि कोण चहाच्या निमित्ताने भलत्याच दालनात बसलाय. मला पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणतात. नाव माझ्या भावानेच ठेवलंय.

सभागृहात दोनशे एक जागा. विरोधात तीन पक्ष. सगळ्यांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला सगळे 'थोरले' म्हणतात, वयामुळे नाही, आवाजामुळे. मग आमचे एकतीस. आणि शेवटी बारा जणांचा छोटा पक्ष. त्याचे प्रमुख पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून ते 'मास्तर'. तिघांची बेरीज अठ्ठ्याण्णव. अकरा वर्षं अठ्ठ्याण्णवच्या आसपासच.

अविश्वासाच्या ठरावाला आमच्याकडे हजर असलेल्यांचं बहुमत चालत नाही. एकूण जागांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे मोजून एकशे एक मतं लागतात. सरकारच्या लोकांनी यायचीसुद्धा गरज नसते. आमच्यातला जो येत नाही तो सरकारचा.

रविवारी सकाळी सरकारी पक्षातले तिघं फुटून थोरल्यांच्या दालनात येऊन बसले. मंत्रिपद हुकल्यावर सुचलेलं तत्त्व होतं ते. आठवडाभर टिकलं असतं. थोरल्यांचे आता अठ्ठावन्न झाले. अठ्ठावन्न, एकतीस, बारा. मी कागदावर तीन वेळा बेरीज केली. शाळेतल्या पोरीसारखी, वरून खाली आणि मग खालून वर.

तिघं परत पळायच्या आत, म्हणजे मंगळवारी, मतदान ठरलं. ठराव पडला तर पुढे सहा महिने दुसरा आणता येत नाही, असा नियम.

आमच्या एकतिसांत एक माझा सख्खा मोठा भाऊ होता. दादा. बावीस वर्षांचा सदस्य, पाच आठवडे रुग्णालयात. फुप्फुसं संपत आली होती. रविवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी वहिनीला आणि मला समोर बसवून सांगितलं, "हलवाहलव करू नका. शांत पडून राहिले तर तीन आठवडे, कदाचित चार. शुक्रवारी सावकाश घरी न्या. घरी बरं वाटेल त्यांना."

वहिनीने मान हलवली. ती घरी जाऊन अभ्रे धुवायला लागली. मी दालनात जाऊन पक्षादेश छापायला दिला.

शंभर

सोमवारी सकाळी दहाला मी रुग्णालयात गेले. दादा मास्क बाजूला करून बोलायचा आणि पुन्हा लावायचा. एका वाक्याला दोन श्वास.

"किती झाले?"

"शंभर."

"आणि मी."

"आणि तू."

"रेघा किती?"

"तीन."

"मग विचारतेस काय, मोजपट्टी?"

वहिनी माझ्यामागून बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"वन्सं, त्यांना हो म्हणायची सवय आहे. बावीस वर्षं माणसं दारात येतात आणि हे हो म्हणतात. परवा नर्सने विचारलं, दुखतंय का? तर हो. मग म्हणाली, दुखत नाहीये ना? तर हो."

"वहिनी, दोन तासांचा प्रश्न आहे."

"तुमच्या घराण्याचे दोन तास मला ठाऊक आहेत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोन तासांत येतो म्हणून प्रचाराला गेले, ते चौथ्या दिवशी आले. आवाज बसलेला, चप्पल दुसऱ्याची."

मी हसले. ती हसत नव्हती.

"सरकार पडलं तर याच महिन्यात पडेल, वहिनी. नाही तर अजून अडीच वर्षं."

"आणि हे?" ती म्हणाली.

मी घड्याळाकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "चारच्या आत परत आणा. चार म्हणजे चार."

तिने परवानगी दिली असं मी धरलं. मोजणाऱ्या माणसाला नाही न म्हणालेला प्रत्येक जण होच वाटतो.

एकशे एक, कागदावर

दुपारी तिन्ही पक्षांची बैठक झाली. थोरले उभे राहूनच बोलतात, चार माणसांच्या खोलीतसुद्धा.

"उद्या हे सरकार घरी! लिहून घ्या!"

"लिहून कशाला, मोजून घेऊ," मास्तर म्हणाले. "ताई, तुमचे एकतीस म्हणजे एकतीस ना? का तीस आणि एक शुभेच्छापत्र?"

आमच्या सभागृहात एक पद्धत आहे, ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. मोठ्या मतदानाच्या दिवशी तिन्ही विरोधी पक्ष आपापल्या दालनात दार किलकिलं ठेवून बसतात आणि दुसऱ्यांचे आत गेल्याशिवाय आपले सोडत नाहीत. उगाच सरकारचा रोष घेऊन बसायचं आणि आकडाही व्हायचा नाही, ही भीती. त्या किलकिल्या दारांमुळे दोनदा आमचे ठराव नुसत्या वाट पाहण्यात गेलेत. सरकार शत्रू होतं, पण एकमेकांना आम्ही जास्त ओळखत होतो.

मास्तरांनी अट घातली. "तुमचा एकतिसावा माणूस मला खुर्चीत बसलेला दिसला, की आमचे बारा आत येतील. त्याच्याआधी एक नाही."

"आणि दिसल्यावर?"

"दिसल्यावर आम्ही बाहेर कशाला राहू? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

हे खरं होतं, आणि मी याच्यावरच भिस्त ठेवली होती. मध्ये निवडणूक झाली तर मास्तरांचे बारा पाचावर येतील, हे मला माहीत होतं. त्यांनाही. त्यांना सरकार पडायला नको होतं. पण सरकार वाचवताना दिसायलाही नको होतं. गैरहजर राहायला कारण लागतं. त्यांना काय काय कारण मिळू शकतं याची मी यादी केली होती, आजारपणापासून रस्त्यातल्या अपघातापर्यंत, आणि एकेक खोडून टाकलं होतं.

एकशे एक, चहाच्या टेबलावर

बैठकीनंतर मास्तर मला चहाला घेऊन गेले. खालच्या मजल्यावरची कँटीन, खिडकीजवळचं डुगडुगणारं टेबल. त्यांनी पायाखाली घडी घातलेला कागद सरकवला आणि टेबल स्थिर केलं. सवयीचा माणूस.

"ताई, माझ्या बाराजणांना विश्वास वाटायला हवा. दादासाहेब खरंच येतील? मी काल ऐकलं ते काही बरं नव्हतं."

"येतील."

"नुसतं येतील म्हणून माझी पोरं ऐकायची नाहीत. ती म्हणतात, मोजपट्टी आपल्याला वापरून घेतेय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. का नाही सांगायचं? अकरा वर्षांत माझा आकडा चुकला नव्हता. त्याचंच मला भूषण होतं. रुग्णवाहिका पावणेदोनला निघणार. पूर्वेचं दार, एकोणतीस इंच. नर्स दारापर्यंत, कारण सदस्य नसलेल्याला आत पाऊल टाकता येत नाही. आत सिलिंडर मी सांभाळणार. लहान सिलिंडर दोन तासांचा, दोन वीसला उघडणार, म्हणजे चार वीसपर्यंत काळजी नाही. शिवाय दुसरा भरलेला सिलिंडर रुग्णवाहिकेत.

मास्तर पाकिटाच्या पाठीवर टिपून घेत होते. अक्षर सुरेख, फळ्यावरचं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हलवू नका म्हणतात."

"अरेरे," ते म्हणाले आणि पेन्सिल थांबली. मग तीही गोष्ट त्यांनी टिपली.

निघताना मला हलकं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला वाटलं मी त्यांना बांधून घातलंय.

एकशे एक, असं मी म्हणते

जिन्यात सरकारी पक्षाचा प्रतोद भेटला. धंद्याने वकील, आम्ही त्याला 'वकील'च म्हणतो. त्याचं माझं बरं जमतं. साध्या विधेयकांना आम्ही एकमेकांना जोडी देतो, म्हणजे माझा एक आजारी असला तर तोही आपला एक मतदानाला बसवत नाही. हिशोब सारखा राहतो. तोंडी ठरतं. कधी मोडलं नाही.

"ताई, दादासाहेबांना आणताय म्हणे."

"बातमी लवकर पोहोचली."

"साधं विधेयक असतं तर डोळे मिटून जोडी दिली असती. याला जोडीचा उपयोग नाही." तो कठड्याला टेकला. "नका आणू. तुमचा आकडा होत नाहीये."

"तुम्ही हे म्हणणारच, वकीलसाहेब."

"हो, मी म्हणणारच. पण कधी कधी म्हणणारच ते खरंही असतं."

"कुणामुळे होत नाहीये? नाव सांगा."

"नाव सांगितलं तर मी प्रतोद कसला?" तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "बहीण म्हणून विचार करा."

मी त्याला म्हटलं, तुमचं घर वाचवा, माझ्या घराचं मी बघते. पुढचे दोन जिने मी धावत चढले. सरकार घाबरलंय असा मी त्याचा अर्थ लावला.

एकशे एक, प्रत्यक्ष

मंगळवार. दोन अठराला खुर्ची दारातून आत गेली. कोपरं मी धरली. दोन वीसला सिलिंडरची चावी फिरवली. दादाने बसल्यावर बाकाच्या कडेवरून हात फिरवला. त्याच्या जुन्या जागेवर खुर्ची मावत नव्हती म्हणून वाटेत, दुसऱ्या रांगेशी ठेवली होती. त्यामुळे तो सगळ्यांपेक्षा एक वीतभर खाली होता.

थोरल्यांचे अठ्ठावन्न आले. मागचं दार उघडलं आणि मास्तरांचे बारा आत आले, ओळीने, प्रार्थनेला आल्यासारखे. मी मोजले. पुन्हा मोजले. एकशे एक. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा खुर्च्यांवर बसलेला होता, खाकरत होता, चष्मे पुसत होता.

"झाले?" दादाने विचारलं.

"झाले."

थोरल्यांनी वीस मिनिटं बोलायचं ठरलं होतं. ते एक तास पाच मिनिटं बोलले. इतिहासापासून सुरुवात केली. मी त्यांना दोन चिठ्ठ्या पाठवल्या. दुसरी त्यांनी न वाचता खिशात घातली आणि पाण्याचा घोट घेतला. सिलिंडरचा काटा अर्ध्याच्या खाली गेला. पावणेचारला मास्तर उठले.

पुढचं सभागृहाच्या इतिवृत्तात आहे. ते असं.

*छोट्या पक्षाचे नेते:* अध्यक्ष महोदय, माझा हरकतीचा मुद्दा आहे. या सभागृहात एका ज्येष्ठ सदस्याला मृत्युशय्येवरून उचलून आणण्यात आलं आहे. डॉक्टरांनी हलवू नका असं स्पष्ट सांगितलेलं असताना. *(गोंगाट)* त्या सिलिंडरमध्ये, अध्यक्ष महोदय, पस्तीस मिनिटांचा प्राणवायू शिल्लक आहे!

इतिवृत्तात 'गोंगाट' लिहिलंय. खरं तर तेव्हा पूर्ण शांतता झाली. दोनशे माणसांनी माना वळवल्या आणि माझ्या हातातल्या काट्याकडे पाहिलं. आकडा बरोबर होता. मीच दिला होता. रुग्णवाहिकेतल्या दुसऱ्या सिलिंडरबद्दल ते काही बोलले नाहीत.

*छोट्या पक्षाचे नेते:* या सरकारने इतकी वेळ आणली! माणुसकी म्हणून हे मतदान एक आठवडा पुढे ढकला. तोवर आमच्या एकाही सदस्याचा हात या पापाला लागणार नाही.

*अध्यक्ष:* मतदान आजच होईल. कामकाज सल्लागार समितीचा तसा निर्णय आहे. तुमचाच माणूस त्या समितीत होता.

*छोट्या पक्षाचे नेते:* धिक्कार असो! *(अडथळा)* या अमानुष सरकारचा धिक्कार असो!

दादाने मास्क काढला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. हात वर केला, पण तो खाली होता, रांगेच्या आड; अध्यक्षांना दिसला नाही. त्याचे ओठ हलले. मला वाटलं धाप लागली. मी मास्क घेतला आणि त्याच्या तोंडावर परत लावला, घट्ट, इलॅस्टिक कानामागे नीट बसवून. त्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा काढायचा प्रयत्न केला नाही.

*(छोट्या पक्षाचे सर्व सदस्य सरकारचा निषेध करीत सभात्याग करतात.)*

साप मेला नाही आणि काठीही तुटली नाही. बारा माणसं घोषणा देत, मुठी आवळत, आमच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी गेली. सरकारविरुद्ध इतक्या जोरात त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही. मास्तर शेवटी होते. वाकून त्यांनी दादाच्या हातावर हात ठेवला.

"जपा, दादासाहेब," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, आणि हेच मला आजही सहन होत नाही.

मी समोर पाहिलं. थोरले रुमालाने मान पुसत होते. खांदे सैल पडलेले. परीक्षा पुढे ढकलल्यावर पोरांचे पडतात तसे. चिठ्ठी का वाचली नाही ते मला तेव्हा कळलं. पलीकडच्या बाकांवर वकील माझ्याकडे पाहत नव्हता. कागद चाळत होता.

एकोणनव्वद

चार वाजून पाचला घंटा वाजली, दारं बंद झाली. मी मोजलं नाही. दुसऱ्या कुणीतरी मोजलं.

बाहेर थोरले कॅमेऱ्यांना सांगत होते की हा नैतिक विजय आहे. जरा पलीकडे मास्तर सांगत होते की काही गोष्टी राजकारणापलीकडच्या असतात. त्यांच्याभोवती गर्दी जास्त होती. एक बाई वार्ताहर मला म्हणाली, "तुम्हाला नाही का वाटलं, त्यांना आणायला नको होतं?" तिने माइक पुढे धरला. फेसाचं काळं टोपडं, त्याला एका बाजूला भोक पडलेलं.

रुग्णवाहिकेत नर्सने दुसरा सिलिंडर लावला. सव्वाचार होऊन गेले होते. दादाचे ओठ निळसर होते.

"किती?" त्याने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. जमलं नाही.

"एकोणनव्वद."

त्याने डोळे मिटले, वजाबाकी केली. "बारा." मग दोन श्वासांनी, "मास्तर हुशार."

"दादा, आत तू काय म्हणत होतास? हात वर केला होतास तेव्हा."

"हरकतीचा मुद्दा."

"कसला?"

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गाडी हळू झाली, खडखडली. नर्सने त्याचं डोकं धरलं. त्याने पुढे काही सांगितलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याला दम लागेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

वहिनी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभी होती. पाच वाजायला दहा कमी होते. ती घड्याळाबद्दल बोलली नाही. खुर्चीची मूठ तिने माझ्या हातातून काढून घेतली आणि आत ढकलत नेली. काचेचं दार माझ्यासमोर हलत राहिलं, मग थांबलं.

अठ्ठ्याऐंशी

बुधवारी रात्रीपासून दादाने कुणाला ओळखलं नाही. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास तो गेला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर वेळ लिहिली आणि माझ्याकडे न बघता वहिनीला म्हणाल्या, "या इथे सही."

सभागृहाने दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. मास्तरांचं भाषण सगळ्यांत चांगलं झालं.

फुटलेले तिघं शुक्रवारी परत गेले. त्यातल्या एकाला मंत्रिपद मिळालं.

तीन महिन्यांनी दादाच्या जागेवर पोटनिवडणूक झाली. मतांची फूट टाळायची म्हणून तिन्ही पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला, मास्तरांच्या पक्षाचा. पाठिंब्याच्या पत्रावर आमच्या बाजूने प्रतोदाची सही लागते. मी केली. मास्तरांचे तेरा झाले.

वहिनीकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा तिने पाणी दिलं. दुसऱ्यांदा दार उघडून म्हणाली, "काय मोजायला आलात, वन्सं?" आणि दार उघडंच ठेवून आत निघून गेली. मी उंबऱ्यावरूनच परत आले.

नर्सने मला नंतर सांगितलं, त्या सोमवारी सकाळी, मी रुग्णालयात पोहोचायच्या अर्धा तास आधी, दादा वहिनीला म्हणाला होता की मला मतदानाला जायचं नाहीये.